अंडररायटिंग सॉफ्टवेअरमध्ये पात्रतेचे नियम कसे बसवावेत : आरोग्य विम्याच्या उदाहरणासह

अंडररायटिंग म्हणजे विमा द्यायचा का आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे ठरवणे. त्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नियम लिहिण्याचा पडदा आता इतका सोपा झाला आहे की अट निवडली, मर्यादा भरली आणि ‘सेव्ह’ दाबले की नियम तयार होतो. अवघड भाग त्याच्या आधी असतो : नियम नेमका काय म्हणतो, तो कोणाला लागू आहे आणि माहिती अपुरी असेल तेव्हा त्याने काय करायचे, हे ठरवणे. येथे भारतातील वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याचे उदाहरण घेतले आहे, पण क्रम आणि खबरदारी आयुर्विम्यालाही बऱ्याच अंशी लागू पडते.

पहिले काम संगणकावरचे नाहीच. प्रत्येक नियमाला लेखी आधार हवा आणि तो तीन ठिकाणीच सापडतो : संचालक मंडळाने मंजूर केलेले अंडररायटिंग धोरण, संबंधित योजनेची मंजूर कागदपत्रे आणि पुनर्विमा करारातील (विमा कंपनी आपली जोखीम दुसऱ्या कंपनीकडे सोपवते त्या करारातील) अटी. प्रत्यक्षात निम्मे नियम कोणाच्या तरी एक्सेलमध्ये, जुन्या ईमेलमध्ये किंवा ‘हे असेच चालत आले आहे’ या सबबीवर जिवंत असतात. असा नियम सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याआधी त्याचा आधार शोधावा आणि आधार सापडला नाही तर तो चढवू नये. नियमाच्या नोंदीत ‘आधार’ हा रकाना अनिवार्य ठेवावा व त्यात कागदाचे नाव, कलम आणि दिनांक लिहावा. नंतर लेखापरीक्षक विचारतात ते हेच.

जुने आधारही तपासून घ्यावेत. आरोग्य विमा योजनांमध्ये प्रवेशाचे वय किमान ६५ वर्षांपर्यंत असावे अशी पूर्वी तरतूद होती आणि ‘वय ६५ पेक्षा जास्त, तर नकार’ हा नियम त्या काळात अनेक यंत्रणांमध्ये बसला. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विमा नियामकाच्या नियमावलीत ती वयाची चौकट राहिली नाही, आणि सर्व वयोगटांसाठी विमा उपलब्ध करून देण्याची अपेक्षा विमा कंपन्यांकडून ठेवली गेली. त्याच बदलांमध्ये आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजारांचे दावे मिळत नाहीत) ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणि मोरेटोरियमचा कालावधी (जो पूर्ण झाल्यावर, फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही) आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. ४८ किंवा ९६ (आठ वर्षांचे महिने) हे आकडे कुठल्या नियमात अजून दडून बसले आहेत का, हे एकदा शोध घेऊन पाहावे.

त्यानंतर पात्रता आणि अंडररायटिंगचा निर्णय यांची फारकत करावी. ही व्यक्ती या योजनेत मुळात बसते का, हा पात्रतेचा प्रश्न आहे. त्यात वय, प्रस्तावकाशी (विम्यासाठी अर्ज करणाऱ्याशी) नाते, वास्तव्य, विमा रकमेचा टप्पा एवढेच येते आणि उत्तर हो किंवा नाही असे असते. बसत असेल तर कोणत्या अटींवर, हा दुसरा प्रश्न आहे. त्यात आजार, तपासण्या, लोडिंग (जोखमीमुळे वाढवलेला प्रीमियम) आणि प्रतीक्षा कालावधी येतात व उत्तराला अनेक छटा असतात. दोन्ही एकाच नियमसंचात कोंबले, तर उद्या वयाची मर्यादा बदलताना मधुमेहाचे नियमही पुन्हा तपासावे लागतात.

पात्रतेच्या संचातली पहिली अट व्यवहाराच्या प्रकाराची असावी : नवा प्रस्ताव, नूतनीकरण, पोर्टेबिलिटी (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेणे) की विमा रकमेत वाढ. ही अट विसरली जाते आणि तिचे परिणाम सर्वांत महागात पडतात. नूतनीकरणाच्या वेळी, विमा रक्कम वाढवलेली नसताना, नव्याने अंडररायटिंग करता येत नाही आणि मागच्या वर्षी दावे केले म्हणून नूतनीकरण नाकारताही येत नाही. त्यामुळे नव्या प्रस्तावासाठीचे नियम नूतनीकरणाच्या रांगेत पोहोचताच कामा नयेत. पोर्टेबिलिटीत नवी कंपनी अंडररायटिंग करू शकते, पण आधीच्या पॉलिसीत पूर्ण झालेल्या प्रतीक्षा कालावधीचे श्रेय तिला द्यावे लागते. म्हणून तिथे ‘आधीचे सलग विमासंरक्षण, महिन्यांत’ हे क्षेत्र प्रस्तावातूनच आले पाहिजे. रक्कम वाढवली असेल तेव्हा वाढीव भागापुरतेच नियम चालावेत, आणि त्यासाठी जुनी व नवी रक्कम ही दोन स्वतंत्र क्षेत्रे लागतात.

आता माहितीच्या क्षेत्रांकडे वळू, कारण नियम चुकण्याची खरी जागा ही आहे. उंचीचेच पाहा. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. समजा, बीएमआय ३२ किंवा त्याहून जास्त असल्यास प्रस्ताव अंडररायटरकडे पाठवायचा आहे. फॉर्ममध्ये उंचीचा एकच रकाना आहे आणि एजंटाने ५ फूट ६ इंचासाठी ५.६ लिहिले. यंत्रणेने ते ५.६ फूट म्हणून वाचले, तर उंची १६७.६ ऐवजी १७०.७ सेंटीमीटर होते, ९० किलो वजनाचा बीएमआय ३२.० ऐवजी ३०.९ निघतो आणि प्रस्ताव बिनबोभाट पुढे जातो. ५ फूट १० इंचाच्या बाबतीत उलटे घडते : ५.१० हा आकडा ५.१ होऊन बसतो, १७७.८ सेंटीमीटर उंचीचा माणूस १५५ सेंटीमीटरचा ठरतो आणि त्याच ९० किलोंवर बीएमआय २८.५ वरून ३७ च्या वर उडी मारतो. नियम दोन्ही वेळा बरोबरच होता. म्हणून फूट आणि इंच यांचे वेगळे रकाने द्यावेत, इंचांच्या रकान्यात ० ते ११ एवढेच स्वीकारावे आणि बीएमआय एजंटाकडून भरून न घेता यंत्रणेनेच काढावा.

वयाचीही व्याख्या आधी ठरवावी. पूर्ण झालेली वर्षे मोजायची की जवळच्या वाढदिवसाचे वय धरायचे, आणि कोणत्या तारखेला, म्हणजे प्रस्तावाच्या की पॉलिसी सुरू होण्याच्या, हे योजनेच्या कागदपत्रांतून घ्यावे. नवजात बालकासाठी मर्यादा ९१ दिवसांची असेल तर ती दिवसांतच लिहावी. तीन महिने म्हणजे कधी ९० तर कधी ९२ दिवस होतात. येथे महाराष्ट्रापुरती एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जुन्या पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तशी लिहिली. संशयास्पद जन्मतारखा पकडण्यासाठी ‘एकाच तारखेचे अनेक प्रस्ताव’ असा नियम कोणी सुचवला, तर तो गावेच्या गावे अडवून ठेवील. तो लावूच नये.

नियमांची मांडणी निर्णय-तक्त्यात करणे सोयीचे. एका ओळीत अटी, शेवटी निकाल आणि कारणाचा संकेतांक. एचबीए१सी या (रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी पातळी टक्क्यांत दाखवणाऱ्या) तपासणीसाठी असा तक्ता समजा : ५.६ पर्यंत पुढे जाऊ द्या, ५.७ ते ६.४ असल्यास अंडररायटरकडे पाठवा, ६.५ आणि त्यापुढे असल्यास मधुमेहाच्या नियमसंचाकडे वळवा. वाचताना तक्ता निर्दोष दिसतो. पण एखाद्या प्रयोगशाळेचा अहवाल दोन दशांश स्थळांत आला आणि त्यात ६.४५ असेल, तर हा आकडा कोणत्याच ओळीत बसत नाही. ओळी ‘५.७ पेक्षा कमी’, ‘५.७ किंवा जास्त पण ६.५ पेक्षा कमी’ आणि ‘६.५ किंवा जास्त’ अशा लिहिल्या तर फट राहत नाही. शिवाय आणखी एक ओळ हवी : प्रस्तावकाने मधुमेह ‘नाही’ असे लिहिले आहे आणि अहवालात आकडा ७.२ आहे. हा विसंगतीचा मामला आहे, त्यावर यंत्राने निकाल न देता तो माणसाकडे पाठवावा.

मग रिकामे उत्तर. प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असणे आणि उत्तरच नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बरीच सॉफ्टवेअर रिकाम्या रकान्याला मुकाट्याने ‘नाही’ किंवा शून्य समजतात. प्रत्येक तक्त्यात रिकाम्या उत्तरासाठी स्वतंत्र ओळ लिहावी. तिचा निकाल स्वीकारही नसावा आणि नकारही नसावा, ‘माहिती मागवा’ हाच असावा. कोणतीच ओळ लागू झाली नाही तर तिथेही स्वीकार किंवा नकार नको : प्रस्ताव अंडररायटरकडे पाठवावा. यंत्रणेने न समजलेल्या गोष्टीवर आपणहून नकार देणे मला सर्वांत अयोग्य वाटते, कारण तो नकार पुढच्या प्रत्येक विमा कंपनीच्या फॉर्ममध्ये त्या माणसाला जाहीर करावा लागतो.

अनेक नियम एकाच वेळी लागू होत असतील तर काय करायचे, ही निवड सॉफ्टवेअरमध्ये एका छोट्या पर्यायात असते आणि ती न पाहताच पुढे जाण्याची सवय असते. ‘पहिला जुळणारा नियम’ हा पर्याय ठेवला, तर वजन आणि रक्तदाब दोन्हींसाठी अडणाऱ्या प्रस्तावाला फक्त वजनाचे कारण मिळते. एक अहवाल मागवला जातो, तो आल्यावर दुसरा मागवला जातो आणि ग्राहक कंटाळून निघून जातो. पात्रतेसाठी पहिलाच नियम पुरेसा आहे, पण अंडररायटिंगच्या संचात सर्व जुळणारे नियम गोळा करावेत आणि अंतिम निकालासाठी कडकपणाची उतरंड लावावी : नकार, त्याखाली रेफर (अंडररायटरकडे पाठवणे), त्याखाली अटींसह स्वीकार, शेवटी विनाअट स्वीकार.

फॅमिली फ्लोटरमध्ये (पूर्ण कुटुंबासाठी एकच सामाईक विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत) कोणता नियम प्रत्येक सदस्यासाठी आणि कोणता पूर्ण पॉलिसीसाठी चालतो, हे नियमागणिक ठरवावे लागते. वय आणि आजार सदस्याचे, विमा रक्कम आणि सदस्यसंख्या पॉलिसीची. वडिलांचा प्रस्ताव नाकारला गेल्यास आई आणि मुलांची पॉलिसी आपोआप पुढे न्यावी का? माझ्या मते नेऊ नये. प्रस्तावकाला विचारावे, कारण अनेकदा पॉलिसी वडिलांसाठीच घेतलेली असते.

काही नियम कायद्यामुळेच लिहिता येत नाहीत. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ नुसार विमागणिती (जोखमीच्या आकडेवारीच्या) अभ्यासाचा आधार असल्याखेरीज एचआयव्हीबाधित व्यक्तीला विमा नाकारणे हा भेदभाव ठरतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार मानसिक आजारावरील उपचारांसाठी विमा शारीरिक आजारांच्याच धर्तीवर द्यावा लागतो. तेव्हा ‘नैराश्यासाठी औषध चालू : हो, निकाल : नकार’ अशी सरसकट ओळ तक्त्यात दिसली तर ती थांबवून विधी विभागाकडे न्यावी. पिनकोडवर आधारलेले नियमही अशाच संशयाने पाहावेत. रुग्णालयांचे जाळे किंवा प्रीमियमचा झोन हे कारण असेल तर ते नोंदीत स्पष्ट दिसले पाहिजे.

नकार लेखी आणि कारणासह कळवावा लागतो, म्हणून कारणाचा संकेतांक आणि ग्राहकाला जाणारे वाक्य नियम लिहितानाच तयार करावे. ‘नियम क्र. १४७ अयशस्वी’ हे वाक्य ग्राहकाच्या काहीच उपयोगाचे नाही. ‘या योजनेत प्रवेशासाठी बालकाचे वय किमान ९१ दिवस असणे आवश्यक आहे, पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी ते ८४ दिवस होते’ असे लिहिले की फोन करून विचारण्याची गरज उरत नाही.

चाचणीसाठी प्रत्येक मर्यादेभोवती तीन प्रस्ताव तयार करावेत : मर्यादेच्या आतला, नेमका मर्यादेवरचा आणि बाहेरचा. त्यांच्या जोडीला २९ फेब्रुवारीचा जन्म, रिकामी उत्तरे आणि परस्परविरोधी उत्तरे घ्यावीत. त्यानंतर गेल्या काही महिन्यांचे खरे प्रस्ताव, नावे आणि ओळख काढून टाकून, नव्या नियमांतून फिरवावेत आणि जिथे जुना व नवा निकाल वेगळा येतो तेवढेच अंडररायटरसमोर ठेवावेत. नियम लिहिणाऱ्यानेच तो मंजूर करू नये, दुसऱ्याची सही असल्याशिवाय तो प्रत्यक्ष कामात येऊच नये, अशी व्यवस्था सॉफ्टवेअरमध्येच असावी.

नियम बदलताना जुना कधीही पुसू नये. प्रत्येक आवृत्तीला लागू होण्याची आणि संपण्याची तारीख द्यावी आणि अर्धवट प्रवासात असलेल्या प्रस्तावांना जुनी आवृत्ती लागेल की नवी, हे आधीच लिहून ठेवावे. प्रीमियम भरून झालेल्या प्रस्तावाला नवा, अधिक कडक नियम लावणे तक्रारीला आमंत्रण आहे. प्रत्येक निर्णयासोबत आवृत्तीचा क्रमांक साठवला, तर तीन वर्षांनी दाव्याच्या वेळी वाद उद्भवल्यास त्या दिवशी कोणता नियम चालला हे दाखवता येते.

नियम सुरू झाल्यावर दर महिन्याला दोन याद्या काढाव्यात. पहिली, एकदाही लागू न झालेल्या नियमांची. त्यांत अट चुकलेली असते किंवा नियमाची गरज संपलेली असते. दुसरी, अंडररायटरकडे गेलेल्या आणि त्याने काहीही न बदलता स्वीकारलेल्या प्रस्तावांची, नियमांनुसार गट पाडून. ज्या नियमाचे जवळजवळ सगळे प्रस्ताव असे परत येतात, त्याची मर्यादा सैल करण्याचा प्रस्ताव अंडररायटिंग समितीपुढे, ही यादी सोबत जोडूनच, न्यावा.