डॅनिशमध्ये ‘आवरतोय’ कसं म्हणायचं

डॅनिश शिकताय तर ‘गर साय क्लार’ आधी पाठ करा, रोज सकाळी लागतं. म्हणजे आवरणं, तयार होणं. आपण नुसतं ‘मी आवरतो’ म्हणतो, पण तिथे ‘स्वतःला’ पण म्हणावंच लागतं आणि ते माणसाप्रमाणे बदलतं, म्हणून ‘याय गर माय क्लार’ म्हणजे मी आवरतोय, ‘डू गर डाय क्लार’ म्हणजे तू, आणि तो, ती, ते सगळे असले की ‘साय’. लिहिताना एम-आय-जी दिसेल पण वाचायचं ‘माय’च, ‘मिग’ नाही हं! ‘गर’ म्हणताना ओठ गोल करा. कोणी खाली थांबलं असेल तर ‘याय स्का ली गर माय क्लार’, जरा आवरून येतो.