मृग ते मृग: क्रेडिट कार्डाच्या बिलाची घरच्या घरी खतावणी

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी सोळा वर्षं हिशेब लिहिते. मिलचा सगळा व्यवहार टॅलीत असतो. घरचा हिशेब मात्र परवापरवापर्यंत वहीत होता आणि तोही अर्धवट. जून २०२४ मध्ये कार्डाचं बिल आलं ६४,३८० रुपये. एवढे पैसे गेले कुठं? आमच्या ह्यांना वाटलं, ऑनलाइन खरेदी वाढली. मला वाटलं, पेट्रोल. लेक म्हणाली, माझ्या क्लासची फी. प्रत्येकाकडं अंदाज होता, आकडा कुणाकडंच नव्हता.

बँकेच्या ॲपमध्ये खर्चाचं रंगीत गोल चित्र होतं. त्यात सोयाबीनचं बियाणं 'शॉपिंग'मध्ये होतं आणि क्लासची फी 'इतर'मध्ये. दुकानदाराला कार्डाचं मशीन मिळतं तेव्हा त्याच्या धंद्याचा एक कोड ठरतो आणि ॲप त्या कोडावर चालतं. ती पिशवी घरासाठी घेतली की शेतासाठी, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं. मी कसं लिहिलं ते सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

मी ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं, आणि हिशेबाची फाइल आपल्याच संगणकावर राहते. एसएमएस वाचायची परवानगी मागणारी मोबाइल ॲपं मला नको होती. शिवाय ग्नूकॅशमध्ये प्रत्येक नोंदीला जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. ज्यांनी कीर्द-खतावणी पाहिली आहे त्यांना ते एका दिवसात जमतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: पैसा एका खात्यातून निघतो आणि दुसऱ्या खात्यात जातो, मधे कुठं गायब होत नाही.

नवी फाइल उघडली की आधी खाती करा. चलन भारतीय रुपया निवडा. खात्यांची नावं मराठीत लिहिली तरी चालतात. कार्डाचं खातं 'लायबिलिटी' म्हणजे देण्याखाली येतं आणि त्याचा प्रकार 'क्रेडिट कार्ड' असा निवडायचा. खर्चाखाली माझी मोठी खाती पाच आहेत: घर, शेती, शिक्षण, पेट्रोल-प्रवास आणि 'कार्डाचा खर्च'. या शेवटच्या खात्यात व्याज, शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. तो किराण्यात किंवा 'इतर'मध्ये मिसळू देऊ नका, पुढं सगळं त्यावरच उलगडतं. आणखी एक खातं 'येणे', ते खर्चाखाली नाही. त्याचं काम पुढं सांगते. सुरुवातीला मी भाजी वेगळी, फळं वेगळी अशी चौतीस खाती केली होती. दोन महिन्यांत नोंदी करायचा कंटाळा आला. आता चौदा आहेत आणि तेवढी पुरतात.

मग बारा महिन्यांची विवरणपत्रं एका बैठकीत उतरवून घ्या. संगणकावर नेटबँकिंग उघडलं तर पुष्कळदा सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) किंवा एक्सेलमध्ये मिळतात. नुसतं पीडीएफ मिळालं तर टॅब्युला नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो पीडीएफमधला तक्ता आपल्याच संगणकावर सीएसव्ही करून देतो. स्कॅन केलेल्या कागदावर मात्र तो चालत नाही. पीडीएफला पासवर्ड असेल तर तो घालून उघडा आणि बिनपासवर्डची प्रत काढून घ्या, काम झालं की ती पुसा. 'पीडीएफचं एक्सेल करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर विवरणपत्र चढवू नका, त्यात आपलं नाव, पत्ता आणि वर्षभराची सगळी खरेदी असते.

आता सीएसव्ही लिबरऑफिसमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्याच एका फुकट प्रोग्राममध्ये, उघडायची. इथं तारखेचा घोळ हमखास होतो. ०६/०७ ही सहा जुलै आहे की सात जून, हे संगणक स्वतःच्या मनानं ठरवतो. उघडताना तारखेच्या रकान्यावर टिचकी मारून 'दिवस-महिना-वर्ष' असा क्रम सांगा. रकमेतले स्वल्पविराम काढून टाका. काही रकमांपुढं 'सीआर' असं लिहिलेलं असतं. ती जमा, म्हणजे आपण भरलेलं बिल, परत आलेल्या मालाचे पैसे किंवा कॅशबॅक. त्या रकमा वेगळ्या रकान्यात हलवा.

ग्नूकॅशमध्ये 'फाइल', मग 'इम्पोर्ट', मग सीएसव्हीतून व्यवहार आणायचा पर्याय. कुठला रकाना तारखेचा, कुठला वर्णनाचा, कुठला रकमेचा हे तो विचारतो. पहिल्यांदा एकच महिना आणा आणि त्याआधी हिशेबाच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. आणल्यावर पाहा: खरेदीनं कार्डाचं देणं वाढलं पाहिजे, बिल भरल्यानं कमी झालं पाहिजे. उलटं दिसलं तर रकमेचं चिन्ह उलटं गेलंय. मिटवा आणि पुन्हा आणा.

यानंतर प्रत्येक ओळ कुठल्या खात्याला न्यायची ते सांगावं लागतं. पहिल्या महिन्याला दोन तास लागतात, तिसऱ्या महिन्यापासून वीस मिनिटं, कारण आधी दिलेली उत्तरं तो लक्षात ठेवतो आणि स्वतःच खातं सुचवतो. ज्या ओळीला खातं दिलं नाही ती 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाच्या खात्यात पडते. मिलमध्ये आम्ही ह्याला उचंत म्हणतो. त्याची शिल्लक शून्य होईस्तोवर उठायचं नाही, असा मी नेम केला.

उचंतात माझ्या दोन ओळी अडकल्या होत्या. पहिली १४ जूनची, २१,४०० रुपये, पुढं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं नाव. असं दुकान आम्हा कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. कार्डावर कुणी डल्ला मारला की काय, या धास्तीनं मी फोनमधला जुना एसएमएस काढला. वेळ होती सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी आम्ही औशात कृषी सेवा केंद्रात उभे होतो. चार एकराला बियाण्याच्या चार पिशव्या ४,००० प्रमाणे १६,००० आणि डीएपी खताच्या चार पिशव्या १,३५० प्रमाणे ५,४००. दुकानाच्या बोर्डावर नाव एक, मशीनवर दुसरं. तेव्हापासून मोठी खरेदी झाली की मी बिलाचा फोटो काढते. विवरणपत्रात नुसती तारीख येते, एसएमएसमध्ये वेळही असते, म्हणून बँकेचे एसएमएस पुसत नाही.

दुसरी ओळ १९९ रुपयांची आणि तीही दर महिन्याला. लेकीनं सराव परीक्षेचं एक ॲप सात दिवसांसाठी फुकट घेतलं होतं. ते अकरा महिने चालू राहिलं, म्हणजे २,१८९ रुपये. अशा आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना बँकेनं किमान २४ तास आधी द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सूचना येत होती, आम्ही कुणी वाचत नव्हतो. बँकेच्या संकेतस्थळावर चालू मंजुऱ्यांची यादी असते, तिथून ती बंद केली. तुमच्याही यादीत एकदा डोकावा.

पुढची गोष्ट चुकली तर सगळा हिशेब खोटा होतो. बिल भरणं हा खर्च नाही. किराणा घेतला त्या दिवशीच खर्च झाला. बिल भरताना बचत खात्यातले पैसे कार्डाच्या खात्यात गेले, एवढंच. वहीत आम्ही दोन्ही लिहीत होतो, किराणाही आणि 'कार्ड बिल'ही, म्हणून घरखर्च कायम फुगलेला दिसायचा. माल परत केला तर आलेली रक्कम त्याच खर्चाच्या खात्यातून वजा करा, उत्पन्नात टाकू नका. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूच्या दरमहा तीन ओळी येतात: मुद्दल, व्याज, व्याजावरचा जीएसटी. वस्तूचा खर्च खरेदीच्याच दिवशी लिहिलेला असतो, म्हणून मुद्दल पुन्हा खर्चात धरू नका. उरलेल्या दोन ओळी कार्डाच्या खर्चात. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यातही हा जीएसटी लागतो.

महिना पुरा झाला की 'रिकन्साइल' करून ताळा घ्या. विवरणपत्राची तारीख आणि शेवटची बाकी घाला, एकेका ओळीवर खूण करा. फरक शून्य आला की तो महिना पक्का.

आता ज्यासाठी हे सगळं मांडलं तिथं येते. ही सगळी सॉफ्टवेअरं महिन्यामहिन्यानं विचार करतात: महिन्याला पगार, महिन्याला खर्च. आमच्याकडं ह्यांचा पगार आणि माझा पगार दर महिन्याला येतो, पण शेतीचा पैसा सोयाबीनच्या पट्टीवर (आडतीवर माल विकल्याच्या हिशेबावर), दिवाळीच्या आगेमागे. आणि खर्च? मृग निघालं की बियाणं, खत आणि शाळा-क्लासच्या फिया एकाच पंधरवड्यात. लातुरात लेकरं शिकवणाऱ्या कुठल्याही घराला जून कसा जातो ते विचारा. म्हणून ग्नूकॅशच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये हिशेबाचा काळ १ जून ते ३१ मे असा ठेवला. वर्षाचं चित्र तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

जून २०२४ ते मे २०२५ कार्डावर एकूण ३,४२,६०० रुपये. शिक्षण ९५,०००. घर ८४,३००. शेती ५८,२००. पेट्रोल-प्रवास २६,६६०. कार्डाचा खर्च ६,९४०. आणि ७१,५०० रुपये असे, की जे आमचे नव्हतेच.

ते दिवाळीच्या सेलमधले. कार्डावर सूट म्हणून दाजींचा फ्रिज २३,०००, मामेभावाचा मोबाइल १८,५००, पुतण्याचा लॅपटॉप ३०,०००. यात कुणाचीही लबाडी नव्हती, सगळ्यांनी थोडे थोडे करून पैसे दिले. पण ते आले ह्यांच्या बचत खात्यात, दोन-तीन हजारांच्या तुकड्यांनी, आणि घरात खर्च झाले. कार्डाचं बिल तसंच उभं. म्हणून 'येणे' हे खातं. दुसऱ्यासाठी घेतलेली वस्तू खर्चात न टाकता 'येणे: दाजी' असं लिहायचं आणि पैसे आले की त्यातून कमी करायचे. मे अखेर दाजींकडं सहा हजार दिसत होते. मी फोन केला, "दाजी, हिशेबात अजून सहा हजार दिसायलेत, एकदा तुमच्याकडं बघून घेता का?" त्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पाठवले. तोंडी आठवणीवर असतं तर मी फोन केलाच नसता आणि मनात अढी राहिली असती.

राहिला ६,९४० चा कार्डाचा खर्च. वार्षिक शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. उरलेले ६,३५० सगळे व्याजाचे. अहवालांमध्ये खर्चाचा महिनावार स्तंभांचा आलेख आहे, त्यात फक्त 'कार्डाचा खर्च' हे खातं निवडा. माझ्याकडं स्तंभ उभे राहिले जुलै ते डिसेंबर, आणि पुढं मेमध्ये शुल्काचा एक. त्या आलेखासमोर आम्ही दोघं बराच वेळ बसलो. जूनचं बिल जुलैत पूर्ण भरता आलं नाही, ३५,००० भरले. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज. त्याहून वाईट म्हणजे बाकी थकली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे ऑगस्टातल्या किराण्यावरही व्याज. त्या साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, आडतीवर आमच्या मालाला त्याहून कमीच मिळाला. पट्टी आली तेव्हा नोव्हेंबरात सगळं फेडलं. तरी डिसेंबरच्या बिलात थोडं व्याज आलंच, कारण आधीच्या बिलाच्या तारखेपासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. ती चूक नसते.

माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. फक्त बियाणं-खताचे २१,४०० धरा. पाच महिन्यांचं व्याज ३,७४५, जीएसटीसकट ४,४१९. हीच रक्कम किसान क्रेडिट कार्डाच्या पीककर्जातून घेतली असती तर सात टक्क्यांनी पाच महिन्यांचे ६२४ रुपये आणि वेळेत फेडल्यावर सवलत धरून चार टक्क्यांनी ३५७. दिरांच्या नावावर पीककर्ज मंजूर होतं आणि त्यातली रक्कम उचलायची राहिली होती. कार्ड खिशात असल्यानं कुणी बँकेत गेलंच नाही.

तुमच्या आलेखात व्याजाचे स्तंभ दिसले तर त्यांच्या आधीच्या दोन महिन्यांत जा आणि तिथली सगळ्यात मोठी ओळ शोधा. ती ओळ दुसऱ्या कुठल्या पैशातून भागली असती, एवढंच घरच्यांशी बसून बोला. आमच्याकडं क्लासवाल्यांना विचारलं तर फीचे दोनाचे तीन हप्ते करून मिळाले. बिलाची तारीखही बँकेला सांगून बदलून घेता येते. माझी १८ होती आणि भरायची मुदत ७ पर्यंत. आमचे पगार ५ नंतर केव्हाही होतात, म्हणून ती मी आठवडाभर पुढं ढकलली.

२०२५ च्या जूनमध्ये बियाणं-खत पीककर्जातून घेतलं. कार्डाचं बिल ४३,९१० आलं आणि मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण भरलं. ताळा घ्यायचं काम आता लेक करते, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी. उचंतात ओळ उरली की स्वयंपाकघरात येऊन विचारते, "आई, हे ३४० कशाचे?"