बुडापेस्टला तीन रात्री आणि मग डॅन्यूबची क्रूझ: निघण्याआधीची तयारी

बोट बुडापेस्टहून सुटते, एवढं तिकिटावर छापलेलं असतं. बुडापेस्टमध्ये नेमकी कुठून सुटते हे बहुतेक वेळा नसतं, आणि असलं तरी शेवटच्या दिवसापर्यंत तेच राहील याची खात्री नसते. म्हणून या यादीत बाकी काही विसरलात तरी चालेल, धक्का विसरू नका. धक्क्याचं नाव, नदीचा कुठला काठ, कुठल्या दोन पुलांच्या मध्ये, आणि थेट बोटीवरच्या रिसेप्शनचा फोन नंबर. या चार गोष्टी फोनमध्ये तर हव्यातच, पण कागदावर लिहून पाकिटातही हव्यात. फोनची बॅटरी नेमकी बॅगा ओढत असतानाच संपते.

आता तारखा. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा चांगला. आपल्याकडे ऑक्टोबर हीट चालू असते तेव्हा तिथे सकाळी सात-आठ अंश आणि दुपारी पंधरा ते अठरा. २३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुटी असते, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६च्या उठावाची. बहुतेक दुकानं बंद आणि संसदेभोवतीचे रस्ते समारंभासाठी अडवलेले. १ नोव्हेंबरलाही सुटी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे जातं. त्याच्या आदल्या दिवशी सूर्य साडेपाचनंतर मावळतो, त्या दिवसापासून साडेचारलाच. ‘चारनंतर निवांत बुडाचा किल्ला बघू’ असा बेत नोव्हेंबरात करू नका. ऑक्टोबरात एका रविवारी शहराची मॅरेथॉनही असते आणि तिचा मार्ग नदीकाठच्या रस्त्यांवरून जातो. बोटीचा दिवस तोच निघाला तर टॅक्सी धक्क्यापर्यंत जाईलच असं नाही. बुकिंग करण्याआधी ही तारीख बघून घ्या.

व्हिसा. हंगेरी, स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, जर्मनी हे सगळे शेंगेनमध्ये, त्यामुळे नदीच्या वरच्या दिशेने, जर्मनीतल्या पासाऊकडे जाणाऱ्या बोटीला एक व्हिसा पुरतो. खालच्या दिशेने बेलग्रेडकडे जाणारी बोट असेल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही. मल्टिपल एन्ट्री नसेल तर परत आत येता येणार नाही. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे रात्री मोजून ठरतं: जिथे जास्त मुक्काम, तो देश. सात रात्रींच्या क्रूझमध्ये ऑस्ट्रियाच्या तीन रात्री सहज होतात. बुडापेस्टच्या हॉटेलच्या दोन आणि बोटीवरची एक धरली तर हंगेरीच्या तीन. अशी बरोबरी झाली की पहिला प्रवेश कुठे होतो ते बघतात, आणि विमान फ्रँकफर्टला बदलणार असाल तर नवाच घोळ. बुडापेस्टला एक रात्र वाढवा, प्रश्न मिटतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. दिवाळीच्या आसपासच्या तारखांसाठी अपॉइंटमेंट उशिरा मिळतात, तेव्हा जून-जुलैतच हात घाला. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. क्रूझच्या पत्रात प्रत्येक प्रवाशाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं.

विमान. बोटीच्या दिवशी सकाळी पोचणारं विमान घेऊ नका. आदल्या दिवशीचंही नको. बॅग मागे राहिली तर ती यायला दोन दिवस लागतात आणि बोट रोज गाव बदलत असते, बॅग तिच्या मागे मागे फिरते. फ्रँकफर्ट, म्युनिक, व्हिएन्ना असं मध्ये उतरणार असाल तर शेंगेनचं इमिग्रेशन तिथेच होतं. ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि नोंदणीची नवी पद्धत आली आहे, रांग लांबते. मध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर ते तिकीट स्वस्त नाही.

हॉटेल नदीच्या पूर्वेला, म्हणजे पेश्तच्या बाजूला, पाचव्या वॉर्डात, देआक चौक किंवा फोवाम चौकाच्या आसपास. कारण साधं: बोट कुठेही लागली तरी तिथून दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. किल्ल्यावरचं हॉटेल फोटोत सुंदर दिसतं, पण बॅगा घेऊन चढ-उतार तुम्हालाच करायचे आहेत. जुन्या इमारतीतलं अपार्टमेंट घेत असाल तर लिफ्ट आहे का, आणि चेक-आउटनंतर बॅगा ठेवू देतील का, हे लेखी विचारा. चेक-आउट अकराच्या सुमाराला होतं आणि बोट बहुधा दुपारी तीननंतर खोल्या देते. काही बोटी आधी येऊन बॅगा ठेवू देतात, मात्र तेवढ्यासाठीसुद्धा धक्का माहीत हवा.

पैसे: चलन फोरिंट, युरो नाही. युरो घेतात ते मनाला येईल त्या दराने. बहुतेक फॉरेक्स कार्डांवर फोरिंट नसतो, बदलीचे पैसे वेगळे कापले जातात, ते गृहीत धरा. मशीन ‘रुपयांत घेऊ का’ असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा आणि फोरिंट निवडा. एटीएम बँकेच्या शाखेला लागून असलेलं वापरा. पर्यटकांच्या गल्लीत सुटी उभी असलेली मशिनं टाळा.

फिरणं सोपं आहे. विमानतळावरून १००ई बस थेट देआक चौकात येते; तिला वेगळं तिकीट लागतं, साधं तिकीट किंवा ७२ तासांचा पास चालत नाही. कागदी तिकीट मशीनमध्ये पंच केलं नाही तर ते नसल्यातच जमा, आणि मेट्रोच्या तोंडाशी तपासनीस उभे असतात. ६५ वर्षांवरील मंडळींना फुकट प्रवास आहे हे खरं, पण ते युरोपियन युनियनच्या नागरिकांना. आई-बाबांचा पास काढा. टॅक्सी पिवळी, दर शहराने ठरवलेला. रस्त्यात हात दाखवून थांबवू नका, अ‍ॅपवरून बोलवा.

बघायचं काय ते सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यामुळे इथे फक्त चुकणाऱ्या गोष्टी. संसदेची आतली फेरी पाऊण तासाची. तिकीट काही आठवडे आधी ऑनलाइन काढा, आपल्याला युरोपियनांच्या साधारण दुप्पट दर पडतो, पासपोर्ट जवळ ठेवा. गेलर्टचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं स्नानगृह ऑक्टोबर २०२५पासून दुरुस्तीसाठी बंद आहे आणि २०२८पर्यंत उघडायचं नाही. जुन्या याद्यांमध्ये ते अजून पहिल्या नंबरावर दिसतं. सेचेनी किंवा रुदाशला जा. चपला, टॉवेल घरून, आणि पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची. मात्र स्नान बोटीच्या दिवशी ठेवू नका, ओला पोहण्याचा पोशाख बॅगेत कोंबून बोटीवर जायची वेळ येते. किल्ल्यावर चढायला देआक चौकातून १६ नंबरची बस. फ्युनिक्युलरची (दोराने चढावर ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेची) रांग हौस असेल तरच. संध्याकाळी दोन नंबरच्या ट्रामने नदीकाठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. त्या फेरीत डावे-उजवे धक्केही बघून ठेवा. जाताना नजर नदीकडे, येताना पायऱ्या कुठे आहेत तिकडे.

तर धक्का. पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेश्त, मध्ये डॅन्यूब. भाऊच्या धक्क्यासारखी सगळ्यांना माहीत असलेली एकच जागा इथे नाही. मार्गिट पुलापासून पेटफी पुलापर्यंत चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यात ठिकठिकाणी तरंगते धक्के आहेत. क्रूझच्या बोटी बहुतेक पेश्तच्या बाजूला लागतात: बेलग्राद राकपार्टला, विगादो चौकासमोर, साबाद्शाग पुलाच्या दक्षिणेला बाल्ना या काचेच्या इमारतीपाशी, किंवा वर कार्ल लुत्झ राकपार्टला. काही बुडाच्या काठालाही लागतात. राकपार्ट म्हणजे नदीकाठचा बांधलेला तट. टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ शिप’ एवढंच सांगितलंत तर तो पहिल्या दिसेल त्या बोटींपाशी सोडून जाईल, आणि त्यात त्याची चूक नाही.

चुकीच्या ठिकाणी उतरलात तर दिसतं सगळं, पोचता येत नाही. ट्राम तटाच्या वरच्या कडेने जाते. खाली, पाण्यालगत, भरधाव मोटारींचा रस्ता. त्याच्या पलीकडे बोट. ओलांडायची जागा दोनशे-तीनशे मीटर पुढे किंवा मागे, आणि बऱ्याच ठिकाणी दगडी पायऱ्या उतरून जावं लागतं. २३ किलोची बॅग घेऊन. बोटीही एकेकट्या नसतात. दोन-तीन बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात, त्यामुळे तुमची बोट बाहेरच्या बाजूला असेल तर काठावरून तिचं नावच दिसत नाही. दुसऱ्याच बोटीच्या स्वागतकक्षातून चालत आपल्या बोटीवर जायचं असतं. एकाच कंपनीच्या दोन-तीन बोटी, मिळती-जुळती नावं, सारखाच रंग. बोटीचं पूर्ण नाव पाठ हवं.

विचारायचं तीनदा. अंतिम कागदपत्रं येतात तेव्हा, म्हणजे दोन-चार आठवडे आधी. मुंबईहून निघायच्या आदल्या दिवशी. आणि बोटीच्या आदल्या संध्याकाळी, ते मात्र थेट बोटीला फोन करून. एजंटवर विसंबू नका. बुडापेस्टला दुपारचे चार वाजतात तेव्हा पुण्या-मुंबईत साडेसात झालेले असतात, घड्याळ मागे गेल्यावर साडेआठ, आणि दिवाळीत ऑफिस बंदच. कंपनीची गाडी हॉटेलवर येईल असंही धरून चालू नका: हॉटेल किंवा विमान त्यांच्याकडूनच घेतलेलं असेल तरच ती येते, स्वतः बुक केलेल्यांना नाही.

धक्का बदलतो का? बदलतो. कारण पाणी. ऑक्टोबर २०१८मध्ये बुडापेस्टच्या मापकावर डॅन्यूब ३३ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती, तो नीचांक. (मापकाचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, पात्रात त्याहून पाणी असतं, तरी मोठ्या बोटींना ते अपुरं.) उलट सप्टेंबर २०२४मध्ये पूर आला, पाणी ८ मीटरच्या वर गेलं आणि खालचे तट बुडाले. पाणी कमी असलं की जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा धरणं नसलेला टप्पा आधी अडतो; जास्त असलं की बोट पुलांखालून जात नाही. मग कंपनी प्रवाशांना बसने पुढे नेते, जुळ्या बोटीवर चढवते, किंवा सुरुवातच दुसऱ्या गावाहून करते. म्हणून आठवडाभर आधीपासून पाण्याची पातळी बघा, आणि बुकिंग करताना ‘बोट न चालल्यास काय’ हे कलम वाचा. बहुतेक करारांत मार्ग बदलायचा हक्क कंपनीकडे असतो, पैसे परत नसतात.

चढल्यावरही सुटका नाही. बऱ्याच बोटी पहिली रात्र बुडापेस्टलाच काढतात, संध्याकाळी दिव्यांची फेरी मारून येतात आणि परतताना वेगळ्याच धक्क्याला लागू शकतात. फिरायला उतरताना रिसेप्शनला विचारा: परत यायचं ते इथेच का? कार्ड मिळतं, त्यावर नाव-नंबर असतो, ते घेतल्याशिवाय उतरू नका. बोट निघूनच गेली तर घाबरायचं कारण नाही. केलेती स्टेशनहून व्हिएन्ना रेल्वेने साधारण पावणेतीन तास, बोटीला जवळजवळ अख्खा दिवस-रात्र. पण आधी फोन, मग तिकीट.

खाणं. शाकाहारी किंवा जैन जेवण महिनाभर आधी लेखी कळवा, ‘अंडं चालतं की नाही’ यासह. शहरात सूप आणि भाज्यांच्या रश्श्यात डुकराची चरबी असते, नुसतं ‘मीट नको’ सांगून भागत नाही. घरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे: तूप, पनीर, पेढे, बर्फी ठेवून द्या. तेलातली चकली-चिवडा खुशाल न्या.

बॅगा. प्रत्येकी एक मध्यम, पलंगाखाली जाईल अशी. वाऱ्याचं जाकीट, थरांवर थर, पायातले घसरणार नाहीत असे बूट. ओल्या दगडांवर पानं पडलेली असतात. दोन पिनांचा प्लग. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. ई-सिम घ्या, बोटीवरचं वायफाय लॉकमध्ये (धरणापाशी बोट वर-खाली करणाऱ्या कोठडीत) बंद पडतं. पासपोर्ट बोटीवर रिसेप्शनला जमा होतो, म्हणून त्याची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स. बक्षिसी शेवटच्या रात्री पाकिटात घालून देतात, युरोत. फोरिंट उरले असतील तर ते बुडापेस्टलाच खर्चून टाका.