तिथी बघून तंबू, उतरत्या उन्हात कॅमेरा: रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर फोटो काढायचे तर

रत्नागिरीहून भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे असा किनाऱ्याचा रस्ता धरला की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, लागतात. पर्यटकांची गर्दी गणपतीपुळ्याला थांबते, इकडे फारशी फिरकत नाही. या सड्यांवर आदिमानवाने कोरलेली कातळशिल्पं आहेत. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळही त्याच यादीत आहे. गाडीत तंबू टाकून तीन-चार दिवस काढायला हा पट्टा उत्तम. मात्र इथे सुट्टी बघून निघालात तर अर्धे फोटो वाया जातात. आधी तिथी बघायची, मग रजा टाकायची.

तिथीचा हिशेब

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. सकाळी तीच, रात्री तीच. पूर्ण ओहोटी त्यानंतर सवासहा तासांनी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून रत्नागिरी बंदराचं भरतीचं कोष्टक जवळ ठेवावंच. पण महिनाभर आधी बेत आखायला हा हिशेब पुरतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (मोठी भरती-ओहोटी) असतं आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला येते. म्हणजे सूर्यास्ताला ओली, आरशासारखी पुळण (वाळूचा किनारा) आणि उघडे पडलेले खडक मिळतात. लाटा खडकावर फुटताना हव्या असतील तर अष्टमी-नवमी गाठा. भांगाची, म्हणजे या तिथींची, भरती कमी उंचीची असते, पण ऐन मावळतीला खडकापर्यंत येते. गावखडीची पुळण पहिल्या प्रकारात छान दिसते. आंबोळगडचा खडकाळ किनारा आणि कशेळीजवळच्या देवघळीचा कडा दुसऱ्या प्रकारात.

आकाशगंगा हवी असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतची अमावास्या धरा. बहुतेक वर्षी ती दिवाळीचीच असते. आकाशगंगेचा तेजस्वी मध्य तेव्हा नैर्ऋत्येला, म्हणजे नेमका समुद्रावर उतरत असतो. ऑक्टोबरच्या मध्याला संध्याकाळी साडेसात वाजता तो क्षितिजापासून साधारण तीस अंश वर असतो (हात लांब करून एकावर एक तीन मुठी) आणि दहाच्या सुमाराला मावळतो. नोव्हेंबरच्या मध्याला आठलाच मावळतो, म्हणजे पुरता काळोख झाल्यावर हाताशी तासभरसुद्धा उरत नाही.

यात एक फसगत आहे. अमावास्येला सहाच्या सुमाराला ओहोटी संपते आणि पाणी उलटतं. पहिला तास ते जेमतेम सरकतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने चढतं. तिसरा-चौथा तास म्हणजे आठ ते दहा, आणि नेमके तेव्हा तुम्ही अंधारात आकाशाकडे बघत असता. म्हणून ट्रायपॉड मागच्या भरतीने आणून टाकलेल्या शेवाळ-काटक्यांच्या रेषेच्या वरच लावायचा. घळीत, म्हणजे जिथे परतीची वाट खडकांवरून आहे तिथे, रात्री उतरायचंच नाही. वरच्या कड्यावरूनही चौकट चांगली बसते.

कातळशिल्प: सगळा खेळ सावलीचा

भर दुपारी शिल्पापाशी पोचून "इथे तर काहीच दिसत नाही" म्हणणारे बरेच असतात. शिल्प तिथेच असतं, सावली नसते. समजा खोदलेली रेघ तीन सेंटीमीटर खोल आहे. सूर्य ४५ अंशावर असताना तिची सावली तीनच सेंटीमीटर पडते. तोच सूर्य १० अंशावर आला की सावली सतरा सेंटीमीटर होते आणि रेघ शाईने काढल्यासारखी उठते. इथे सूर्य तासाला साधारण चौदा अंश उतरतो, म्हणजे १० अंश ही वेळ सूर्यास्ताआधी पाऊण तास. कामाचा काळ सूर्यास्ताआधी दीड तासापासून अर्ध्या तासापर्यंतचा. त्यानंतर गवताच्या प्रत्येक काडीची सावली लांबते आणि चित्र पिंजारतं. सकाळी हेच उलट: सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने सुरू करायचं.

आता रेघेची दिशा. ऊन ज्या दिशेने येतं त्याच दिशेने धावणारी रेघ दिसत नाही. सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून येणारं ऊन एकाच अक्षावर असतं. त्यामुळे पूर्व-पश्चिम रेघा दोन्ही वेळा हरवतात आणि माणसाच्या आकृतीचे पसरलेले हात फोटोत नाहीसे होतात. यावर उपाय रात्रीचा:

१. उजेड असतानाच ट्रायपॉड पक्का लावा. फोकसही तेव्हाच साधून मॅन्युअलवर ठेवा. फोटो सूर्यास्तानंतर तासाभराने सुरू करा.
२. एफ ८, आयएसओ ४००, शटर १० सेकंद. पहिला फोटो बघून कमी-जास्त करा.
३. टॉर्च शिल्पापासून दोन मीटरवर, जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर धरा. प्रकाश आठ-दहा अंशांनी घासत जातो. आकृती मोठी असेल तर दहा सेकंदांत टॉर्च सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या.
४. टॉर्च उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार बाजूंनी धरून चार फोटो घ्या. मधे ट्रायपॉडला धक्का लागता कामा नये.
५. घरी फोटो एकावर एक ठेवून 'लाइटन' पद्धतीने (जिथे जो उजळ तो राखून) मिसळा, पण दोनच निवडा. चारही पूर्ण मिसळले तर सावल्या एकमेकींना खातात आणि पुन्हा दुपारसारखं सपाट दिसतं. बहुतेक वेळा दोन बास होतात.

दुसरी अडचण उंचीची. उभ्याने काढलेल्या फोटोत आकृती चेपते. मोनोपॉड किंवा बांबूला कॅमेरा बांधून सरळ वर धरा, भिंग खाली, दहा सेकंदांचा टायमर किंवा फोनवरून शटर. २४ मिलिमीटर भिंगाचं (फुल फ्रेमवर) गणित सोपं: जेवढी उंची तेवढी चौकटीची आखूड बाजू, दीडपट लांब बाजू. तीन मीटरवरून साडेचार बाय तीन मीटर येतात. एखाद्या माशाला किंवा मोराला एवढं पुरे. कशेळीचा हत्ती मात्र साधारण १८ बाय १३ मीटर आहे, तिथे काठी हरते. ड्रोन न्यायचा तर आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर त्या जागेचा झोन बघा. अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तरी रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही.

जांभ्याचा माथा काळपट असतो. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळं राखाडी उजळ करून ठेवतो. एक्स्पोजर उणे ०.७ ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर संध्याकाळची तांबूस झाक धुऊन जाते; ५२००-५५०० केल्विनवर बांधून टाका आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. देवाचे गोठणेच्या शिल्पापाशी होकायंत्र भरकटतं, तेव्हा सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपवर तिथे विसंबू नका. दिशा आदल्या दिवशी नकाशावर काढून ठेवा.

रेघांत पडलेली सुकी पानं हाताने उचलायला हरकत नाही. पाणी ओतणं, खडू किंवा रांगोळी भरणं, खराट्याने घासणं यातलं काहीही करू नका. खडूने भरलेली चुकीची रेघ पुढच्या माणसाला खरी वाटते. आणि कोरलेल्या भागावर पाय द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको होतं, पण बुटांचे ठसे दिसतात.

सड्यावर मुक्काम

सडा ओसाड दिसला तरी कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आत हापूसची नाहीतर काजूची कलमं असतील तर विचारल्याशिवाय बेडं (कुंपणाचं फाटक) उघडू नये. वाडीत जाऊन दिवसाउजेडी विचारलं की बहुतेक जण जागा दाखवतात, वर विहीरही दाखवतात. रात्री नऊला गाडीचे दिवे सड्यावर फिरताना दिसले तर गाव जमा होतं, आणि ते बरोबरच आहे.

कातळात तंबूचे खिळे जात नाहीत. स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा डोम तंबू घ्या आणि दोऱ्या चिऱ्यांना (जांभ्याच्या घडीव दगडांना) बांधा. एका दोरीला एक अख्खा चिरा हवा, छोटे दगड वाऱ्याने घसरतात. खाली जाड ताडपत्री, नाहीतर जांभ्याची टोकं तळ फाडतात. दिवसभर समुद्राकडून खारा वारा असतो, मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारा सुरू होतो आणि तो गार असतो. दार पश्चिमेला ठेवलं की पहाट सुखाची जाते. चूल पेटवायची नाही. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा शेजारच्या बागेत शिरतो. गॅसची शेगडी, तीही गाडीच्या आडोशाला आणि उघड्या कातळावर.

फुरशाला हलक्यात घेऊ नका. हा साप लहान, मातकट रंगाचा आणि या सड्यांवर नेहमीचा. दगडाखाली हात घालू नये, अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊल टाकू नये, घोट्याच्या वरचे बूट घालावेत. तंबूची चेन कायम बंद ठेवावी, सकाळी बूट झटकून मगच पाय घालावा. ट्रायपॉड लावताना गुडघे टेकायच्या आधी जमिनीवर टॉर्च फिरवा. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको. पाय हलवू न देता थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथे प्रतिविष आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा.

पुळणीवर तंबू टाकू नका. गावखडीसारख्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पांढऱ्या उजेडाने ती माघारी फिरतात, म्हणून रात्री तिथे फ्लॅश नाही आणि टॉर्च लागलाच तर लाल.

सामान आणि त्याचे रोग

एसी गाडीतून कॅमेरा काढला आणि भिंगावर धुकं आलं, ही या किनाऱ्यावरची सर्वांत नेहमीची तक्रार. गार काचेवर दमट हवा धरते. पुसून उपयोग नाही, ती पुन्हा धरते. मुक्कामाच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा, किंवा कॅमेरा बंद बॅगेत डिकीत ठेवा.

रात्री उलटा प्रकार: दव. नऊनंतर भिंगाचं तोंड ओलावतं आणि तारे मऊ दिसू लागतात. भिंगाभोवती मोजा गुंडाळून आत हातगरम करायची पुडी खोचली की दोन तास निभतात. ताऱ्यांसाठी सुरुवात एफ २.८, आयएसओ ३२०० आणि ३०० भागिले भिंगाचे मिलिमीटर इतके सेकंद, म्हणजे २० मिलिमीटरला १५ सेकंद. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर, स्क्रीन दहापट मोठी करून, हाताने.

खाऱ्या तुषारांनंतर भिंग लगेच कोरडं पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने झटका, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने टिपा. ट्रायपॉडचे पाय रोज रात्री गोड्या पाण्याने पुसायचे आणि घरी आल्यावर सांधे उघडून धुवायचे. वाळू राहिली की तिसऱ्या सहलीला पाय अडकतो. कॅमेरा रात्री तंबूत उघडा न ठेवता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. ते रंग बदलणारं घ्या, म्हणजे कधी संपलं ते कळतं.

बॅटऱ्या तीन लागतात. रात्रीच्या लांब शटरमध्ये एक दोन-अडीच तासांत उतरते. चार्जिंग गाडी चालू असताना, वाटेतच उरकून घ्या. सड्यावर इंजीन चालू ठेवून चार्जिंग करत बसलं तर वाडीतली कुत्री रात्रभर झोपू देत नाहीत.