परदेशात नव्या शेजाऱ्यांना दिवाळीला बोलावताय? या चुका टाळा, मी केल्यात

सध्या मी गावी आलीय, दारव्हा तालुक्यात. ओसरीत कापसाचा ढीग पडलाय आणि माय सकाळपासून फराळाची ताटं भरून, वरून रुमाल टाकून, शेजारी पाठवतेय. कोणाला फोन नाही की मेसेज नाही. ताट गेलं की थोड्या वेळानं त्यांच्या घरचे अनारसे घेऊन परत येतं. हे बघत मोठी झाले, म्हणून जर्मनीत गेल्यावर पहिल्याच दिवाळीला बिल्डिंगमधल्या चार घरांना मी तसंच सांगितलं, "पाचच्या सुमारास या, दिवाळी आहे आमची", आणि तिथूनच सगळी गडबड सुरू झाली. आपल्याकडची पोरं-पोरी आता तिकडं जातायत म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक वेळेची. मी पाच म्हटलं तेव्हा माझ्या मनात साडेपाच-सहा होतं, आणि बरोबर पाचला चारही घरं दारात, हातात फुलं, आणि माझे हात कोपरापर्यंत बेसनात. तिथं पाच म्हणजे पाच. दोन-तीन आठवडे आधी सांगा, आणि चिठ्ठीत किंवा मेसेजमध्ये नीट लिहा की 5 ते 8, पोटभर जेवण आहे की नुसता फराळ, आणि चपला-बूट बाहेर काढायचे. संपायची वेळ सांगणं आपल्याला उद्धट वाटतं, मलाही वाटायचं, पण त्यांना ती माहीत असली की ते निवांत बसतात, कधी उठावं या विचारात राहत नाहीत. पूजा आधी उरकून घ्या, नाहीतर पाहुणे आले की ना धड पूजा होते ना धड गप्पा.

वेळेवरून आणखी एक. रात्री 10 ते सकाळी 6 तिथं शांततेची वेळ असते आणि रविवार तर दिवसभर शांततेचा. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, रविवारी, दुकानं बंद, तेव्हा दूध-दही आणि सांबार (कोथिंबीर हो, आपला सांबार) शनिवारीच आणून ठेवा. फटाके तर विसराच, साध्या माणसाला ते फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला उडवता येतात. फुलझडी वर्षभर चालते.

आता जेवण. मी पाटोडी रस्सा केला, घरी करतो तसा, वर तर्री. तळमजल्यावरच्या आजींनी दोन घास खाल्ले आणि डोळे भरून आले त्यांचे, पण चमचा खाली ठेवला नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. ते बघून मला जे झालं ते सांगता येत नाही. रात्री मायला फोन केला तर ती म्हणाली, "काय वं, त्यायले तिखट चालते का हे इचारलं व्हतं का तू?" नव्हतं विचारलं. तेव्हापासून रस्सा फिकाच करते, तर्री वेगळ्या वाटीत आणि ठेचा बाजूला, ज्याला पाहिजे तो घेतो. आणि झालाच तिखट तर नुसतं पाणी ओतू नका, चव जाते. उकडलेला आलू कुस्करून टाका नाहीतर नारळाचं दूध घाला. दाण्याचा कूट टाकायचा मोह होईल, पण थांबा.

कारण खरी जोखमीची चूक इथं आहे. शेंगदाणा, तीळ, काजू-बदाम, दूध, गहू, यातल्या एखाद्यानं एखाद्याला खरंच त्रास होतो, आणि दाण्यानं तर जिवावर बेतू शकतं. युरोपात 14 पदार्थ असे ठरलेत की जे खाण्याच्या वस्तूत असले तर सांगावंच लागतं, तीळ आणि शेंगदाणे दोन्ही त्यात आहेत. पॅकेटवर ते वाचायची लोकांना सवय असते. म्हणून बोलावतानाच विचारा आणि प्रत्येक ताटापुढं एक चिठ्ठी ठेवा. बेसनाच्या लाडवात गहू नसतो, रव्याच्या लाडवात असतो, कारण रवा गव्हाचाच. आणि जे मला लय उशिरा कळलं ते म्हणजे हिंग, डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबी फिरवून मागचं वाचा. व्हीगन शेजाऱ्याला तूपही चालत नाही, त्याच्यासाठी तेलातला चिवडा वेगळा काढून ठेवा, त्यातले दाणे सांगून.

फोडणीचा धूर झाला की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो. तो काढून ठेवू नका, तळणं आदल्या दिवशी करा, किचनचं दार लावून आणि खिडकी उघडून.

आग्रह. इथं दोनदा "नको" म्हटलं तरी तिसऱ्यांदा वाढतात, आणि ते प्रेमच आहे, मला आजही आवडतं. पण तिथं "नको" म्हणजे नकोच. एकदा विचारा, भांडं मध्ये ठेवा, घेतील. कोणी "काय आणू?" विचारलं तर "काही नको" म्हणू नका, सॅलड सांगा, ब्रेड सांगा, ताट रिकामं परत येत नाही ही रीत त्यांनाही बरोबर समजते.

आणि त्यांना पाहुण्यासारखं सोफ्यावर बसवून आपण किचनमध्ये अडकू नका. गावात रोडगे लावतात तेव्हा कोणी बसून राहतं का, एक कणीक मळतो, एक गोवऱ्या रचतो, एक वांगी चिरतो. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम दहा-बारा करंज्या भरायच्या ठेवल्या. आजी ओट्याशी आल्या, अंगठ्यानं काठ दाबला, मग त्यांच्या पद्धतीनं काट्याच्या टोकांनी सारख्या रेघा उमटवल्या, मी मुरड घालून दाखवली, तिसऱ्या करंजीला त्यांना जमली. भाषेचं अडलं नाही. शेजारचा मुलगा सारण चमच्यानं खात होता, त्याला कोणी रागावलं नाही.

यंदा मी इथं, गावी. काल आजींचा फोटो आला, त्यांच्या ओव्हनमध्ये करंज्या, आत सफरचंद भरलेलं, काठाला मुरड. मायला दाखवला, तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "मुरड बराबर हाये."