घसा बसलाय की आवाज? या चुका टाळा

अनंत चतुर्दशीनंतर आमच्या स्टाफरूममध्ये निम्मी माणसं खुणांनी बोलतात. दहा दिवस आरत्या, मग मिरवणूक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास पोरांचा वर्ग. ‘घसा बसलाय’ म्हणायचं, खडीसाखर तोंडात टाकायची आणि फळ्याकडे वळायचं. लालबागला, रस्त्याला लागून असलेल्या शाळेत मीही अनेक वर्षं हेच केलं. खिडकी उघडली की बसचे हॉर्न, लावली की पंख्याचा खडखडाट, आणि त्या दोन्हींवर माझा आवाज.

पहिली चूक या ‘घसा’ शब्दातच आहे. बसतो तो आवाज. तो निघतो स्वरयंत्रातून, आणि स्वरयंत्र असतं श्वासनलिकेच्या तोंडाशी. आपण काहीही गिळतो तेव्हा त्याच्यावर झाकण पडतं. त्यामुळे मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, आलं-मध, ज्येष्ठमध यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत, म्हणजे स्वरयंत्रातल्या आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्यांपर्यंत, पोचत नाही. पोचलंच तर जोराचा ठसका लागतो. घशाला बरं वाटतं, ते खरं. पण तेवढ्यावर आपण ‘उपचार चालू आहेत’ म्हणतो आणि ओरडणं तसंच सुरू ठेवतो. वाफ मात्र आत जाते. पाणीही उपयोगी, पण ते दिवसभर थोडंथोडं प्यायला हवं. अंगात मुरल्यावरच तंतूंवरचा ओलावा टिकतो. आम्ही शिक्षिका पाणी टाळतो, कारण तास सोडून बाथरूमला जाता येत नाही. ही चूक कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषांचे शंभर-सव्वाशे वेळा. आता एका तासिकेचा हिशोब करा.

कुजबुजणं. आवाज बसला की आपण शहाणपणाने कुजबुजतो. त्यात बरेच जण स्वरयंत्र उलट जास्त आवळून धरतात. त्यापेक्षा हलक्या, साध्या आवाजात मोजकं बोलावं, नाहीतर सरळ गप्प बसावं. लोकलमध्ये फोन घेणं तर बंदच. गाडीच्या खडखडाटात आपण किती ओरडतो ते आपल्याला कळतही नाही.

खाकरणं. काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणून खाकरायचं, त्याने तंतू सुजतात, सुजले की पुन्हा अडकल्यासारखं वाटतं. यावर उपाय एक घोट पाणी किंवा नुसता आवंढा गिळणं. मला ही सवय सोडायला महिना लागला.

मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक आणणं. सर्दीबरोबर बसलेला आवाज बहुतेक वेळा व्हायरसमुळे बसलेला असतो. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आठवडा-दोन आठवड्यांत तो आपणच सुटतो, मात्र तेवढे दिवस त्याला राबवू नका. कार्यक्रम पार पडावा म्हणून मनाने स्टेरॉइडची गोळी घेणं त्याहून वाईट. सूज तात्पुरती उतरते, आवाज मोकळा वाटतो, आणि दुखावलेल्या तंतूंवर माणूस आणखी जोर देतो.

उशिरा जेवून लगेच आडवं होणं. नऊ-पंचावन्नच्या गाडीने घरी, साडेदहाला ताट, अकराला झोप. पोटातलं आम्ल रात्री वर येऊन स्वरयंत्राला लागू शकतं. सकाळी आवाज घोगरा आणि दुपारपर्यंत बरा, असं असेल तर शंका घ्यावी. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. मात्र प्रत्येक घोगरेपणाला ‘ॲसिडिटी’ म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खाणं, आत न बघताच, हीसुद्धा चूकच. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी. गुळण्यांचा खरा उपयोग होतो तो इथे.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे वाट बघणं. चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्यायचेच. तंबाखू, बिडी-सिगारेट असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, गिळताना दुखत असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज गेला असेल, तर चार आठवडेही थांबू नका. श्वास घेताना घरघर होत असेल तर त्याच दिवशी जा. स्वरयंत्राचा कॅन्सर पुष्कळदा आधी आवाजातूनच कळतो, आणि लवकर सापडला तर उपचार चांगले लागू पडतात. शिवाय डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून, महाधमनीला वळसा घालून परत वर येते. म्हणून फुप्फुसातला आजारही आवाज घालवू शकतो. मुंबईत दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची थुंकी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

माझी दुर्बीण झाली तेव्हा पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या आणि दोन्हींच्या कडेला, समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. ओरडून ओरडून पडलेले घट्टेच ते. एका खासगी दवाखान्यात लगेच ऑपरेशनची तारीख देत होते. मी दुसरीकडे विचारलं, ते बरं झालं. अशा गाठींना आधी व्हॉइस थेरपी द्यायची असते. सवय तीच राहिली तर कापलेल्या गाठी परत येतात. पॉलिप (तंतूवरचा मऊ फुगवटा) किंवा सिस्ट (द्रव भरलेली पिशवी) यांची गोष्ट वेगळी, तिथे ऑपरेशन लागू शकतं. थेरपी म्हणजे काय, तर अर्धा ग्लास पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. घरच्यांना अजून येतं. वर्गात कमरेला लावायचा छोटा माइक घेतला. भाजीच्या गाडीवाल्यांनी केव्हाच रेकॉर्डेड भोंगे लावले, आम्हालाच उशिरा सुचलं.

आणि वर्गात एखाद्या दहावीतल्या मुलाचा आवाज अजून बारीक असेल तर त्याला चिडवू देऊ नका. स्वरयंत्र मोठं होऊनही लहानपणीचाच बारीक सूर धरून बसणं हे आवाजाचं दुखणं आहे, आणि थेरपीने ते बहुधा थोड्या बैठकांत सुटतं.

केईएम, नायर, सायन इथे कान-नाक-घशाची ओपीडी आहे, आणि वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था वाचा-श्रवणासाठीच आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. चालू औषधांची यादी न्या, पंपासकट. आणि आवाज सगळ्यांत वाईट असेल तेव्हाच मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर तो नेमका बरा निघतो.