शेतकऱ्यांची एक्सेल यादी एक्सएमएलमध्ये नेताना अक्षरे कशी जपावीत

नाव, गाव, गट क्रमांक, पीक, शेरा अशा रकान्यांची यादी धरू. एक्सएमएलला, म्हणजे प्रत्येक माहिती तिच्या नावाच्या खुणांमध्ये (टॅगमध्ये) ठेवणाऱ्या मजकूर फाइलला, देवनागरीचे वावडे नाही. अक्षरे बहुतेक वेळा त्याआधीच, एक्सेलमधून बाहेर पडताना बिघडतात.

१. गट क्रमांकाचा रकाना भरण्याआधी त्याचे फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. नाहीतर इंग्रजी अंकांत १२/३ लिहिताच एक्सेल त्याची तारीख करते. नंतर टेक्स्ट केले तर हाती येतो तारखेचा पाच अंकी क्रमांक. मूळ नोंद गेलेली असते.

२. मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या एकाच प्रमाण संकेतात आणा. फॉन्ट 'मंगल' करून पाहा. इंग्रजी अक्षरे दिसली तर तो युनिकोड नाही.

३. 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. ही स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी, युनिकोड अक्षरे जपणारी साधी मजकूर फाइल असते. नुसते 'सीएसव्ही' निवडले तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि त्या फाइलमधून ती अक्षरे परत मिळत नाहीत. म्हणून मूळ एक्सेल फाइल जपून ठेवाच. तयार सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका, गट क्रमांकांच्या तारखा होतील, नोटपॅडमध्ये पाहा.

४. 'शेतकऱ्यां'मधला आडवा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. 'अदृश्य अक्षरे काढा' अशी सफाई केली की दुसऱ्या प्रकाराचे 'शेतकर्यां' होते. त्यामुळे सफाईआधीच सगळीकडे पहिला प्रकार करून घ्या. शोधतानाही एकच रूप सापडेल.

मग ३२ च्या खालच्या कोडची नियंत्रण-अक्षरे काढा. फक्त ९, १० आणि १३ (टॅब आणि ओळ बदलण्याची चिन्हे) राहू द्या. बाकीची एक्सएमएल १.० ला चालत नाहीत.

५. रूपांतर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने करा. फाइल 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंगने वाचा, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला फाइलच्या सुरुवातीचे अदृश्य चिन्ह चिकटते. टॅगचे नाव अंकाने सुरू होत नाही, त्यात मोकळी जागा किंवा तिरकी रेघ चालत नाही. 'गट क्रमांक'चे 'गट_क्रमांक' करा. 'ऊस & हरभरा' किंवा '< २ हेक्टर' यांतली चिन्हे एलिमेंटट्री (पायथनमधले एक्सएमएल लिहिण्याचे साधन) स्वतः सांभाळते, हाताने बदलू नका; दुहेरी बदल होतो. लिहिताना यूटीएफ-८ स्पष्ट सांगा, नाहीतर 'म'च्या जागी &#2350; उमटते. संगणकाला ते चालते, माणसाला वाचता येत नाही.

शेवटी फाइल फायरफॉक्समध्ये उघडा. चूक असेल तर ओळ क्रमांकासह दिसेल. नोंदींची संख्या मूळ यादीशी जुळवा आणि ऱ्य, ऱ्ह असलेल्या ओळी डोळ्यांनी तपासा.